बाबांसाठी बिनसंवादाचा सिनेमा

२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझा धाकटा भाऊ पुन्हा पेपरात आलाय, आणि या खेपेला फोटो बरा आहे. कात्रण पाठवतोय. भावोजींना दाखव, म्हणजे ‘सिनेमे लिहून कुणाचं पोट भरतं का’ हा त्यांचा जुना प्रश्न निदान वर्षभर तरी बंद राहील.

सिनेमा धो धो चाललाय. परवा मी टोपी खाली ओढून मागच्या रांगेत जाऊन बसलो. हिरो कोर्टात उभा राहिला आणि त्यानं तोंड उघडायच्या आत अख्ख्या थिएटरनं त्याचं वाक्य म्हणून टाकलं. माझं वाक्य, ताई! सेटवर एका उलट्या खोक्यावर बसून, गुडघ्यावर कागद ठेवून खरडलेलं, कारण आधीचं वाक्य आमच्या हिरोच्या म्हणे जिभेवर बसत नव्हतं. शेजारचा माणूस मला कोपर मारून म्हणाला, ‘काय लिहिलंय लेकानं!’ मी म्हटलं, ‘हो ना, कोण आहे कोण जाणे.’ असं सुख दुसऱ्या कुठल्या धंद्यात नाही.

आणि तरी घरी येऊन जेवायला बसलो तर घास गोड लागेना. का ते तुला माहीत आहे. इतकी वर्षं लिहितोय, इतके सिनेमे आले, आणि बाबांनी माझा एकही शेवटपर्यंत पाहिलेला नाही. पहिल्याला मध्यंतरात उठून गेले, दुसऱ्याला त्याच्याही आधी. ‘सगळे नुसते बडबडतात,’ म्हणाले. गेल्या वर्षी ते मोठं बक्षीस मिळालं तेव्हा ते घेऊन घरी आलो होतो, आठवतं? पिशवीतून काढून दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरलं. ते सरळ समोर बघत बसून राहिले. हातसुद्धा पुढे केला नाही. ‘प्रवास कसा झाला?’ म्हणाले. मी ते मुकाट्यानं परत पिशवीत घातलं. तू स्वयंपाकघरात होतीस, तुला तेव्हा बोललो नाही. आज सांगतो, फार लागलं मला.

पण आता वेगळाच संशय येतोय. त्या दिवशी टीव्ही केवढ्या मोठ्यानं लावून बसले होते! मागांच्या कारखान्यात जन्म काढलेला माणूस, तिथले सगळेच म्हातारपणी बहिरे होतात. बाबांचे कान गेलेत का गं? तसं असेल तर माझ्या संवादांचा त्यांना काय उपयोग? खरं काय ते सांग.

तुझा राघू
(हे नाव तूच ठेवलंस, पोपटासारखा बोलतो म्हणून. त्याच बोलण्यावर आता लोक टाळ्या वाजवतात. तू नुसते धपाटे दिलेस.)


१७ फेब्रुवारी

राघूला ताईचा आशीर्वाद, आणि एक धपाटाही, कारण फोटोत तू पोट आत ओढून उभा आहेस हे माझ्या लगेच लक्षात आलं.

तुझ्या भावोजींना कात्रण दाखवलं. चष्मा लावून पुन्हा पुन्हा वाचलं आणि म्हणाले, ‘मी तर पहिल्यापासून म्हणत होतो, हा पोरगा नाव काढणार.’ मी नुसतं बघितलं त्यांच्याकडे. उठून बाहेर गेले.

बाबांचं विचारलंस. टीव्ही मोठ्यानं लावतात हे खरं आहे. शेजारीण भिंतीवर टकटक करते आणि मी इकडून ‘हो हो’ करते. वय झालंय रे, शरीर आहे, कुठे ना कुठे कुरकुरायचंच. जेवण व्यवस्थित आहे. सकाळी गॅलरीत खुर्ची टाकून बसतात. तुझं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं, बक्षिसाचा भाग गाळून. थिएटरभर लोक तुझं वाक्य म्हणतात हे ऐकून म्हणाले, ‘याच्या सिनेमातली माणसं श्वास केव्हा घेतात?’ पण हसत होते हं.

हे विषय फोनवर काढू नकोस. फोन त्यांच्या खुर्चीला लागूनच आहे, मला मोकळेपणानं बोलता येत नाही. त्यापेक्षा तू एकदा येऊन जा. कात्रणं पुरे झाली, तू ये.

ताई


२० मार्च

प्रिय ताई,

यायचं अगदी नक्की केलं होतं, पण हिरोला नवी गोष्ट ऐकवायची तारीख पडली. हा आमच्या धंद्यातला मोठा सोहळा असतो. लिहिलेलं कुणी वाचत नाही. लेखकानं जायचं, समोर बसायचं आणि अख्खा सिनेमा तोंडानं करून दाखवायचा. दार करकरलं, गाडी घसरली, आई रडली, सगळं मीच. माझ्यासारखी गोष्ट कुणी ऐकवत नाही असं म्हणतात, आणि म्हणणाऱ्यांत मीही असतो.

तर मी अगदी रंगात आलेलो, आणि खिडकीखाली रस्ता फोडायचं यंत्र सुरू झालं. शब्द ऐकू येईना. मी थांबलो नाही, हातांनीच सांगायला लागलो. आणि काय सांगू, मघापासून मोबाईलशी चाळा करणारा हिरो मान वर करून बघायला लागला! यंत्र बंद झालं तर म्हणाला, ‘पुढे?’

घरी येताना सारखे बाबा डोळ्यांसमोर. आई डबा देऊन मला पाठवायची तेव्हा मी कारखान्यातल्या मागखात्याच्या दारात उभा राहायचो. आत इतका आवाज की छाती थरथरायची. आणि त्या आवाजात शेदोनशे माणसं हातांनी गप्पा मारत असायची. दोन्ही तर्जन्या जोडून फटकन दूर केल्या की धागा तुटला. ओठावर बोट फिरवलं की मिशीवाला मुकादम आला. घरी कधी चार वाक्यं न बोलणारे बाबा तिथे सगळ्यांना हसवायचे!

ताई, मी असा सिनेमा लिहितोय. मागावरचा एक माणूस आणि त्याचा मुलगा. खात्याचा आवाज असेल, पण संवाद नाहीत. एकही नाही. सगळं हातांनी. बाबांचे कान गेले असतील तर जाऊ देत, हा सिनेमा त्यांच्या भाषेत असेल. या वेळी ते शेवटपर्यंत बसतील, पैज लावतो.

निर्माते ऐकून मटकन खाली बसले. म्हणाले, ‘अहो, मिठाईवाल्याकडे जावं आणि त्यानं म्हणावं आज साखर बंद, तसं झालं हे.’ मी हट्टाला पेटलोय. बाकीची दोन कामं सोडली. लोक म्हणतात, म्हातारचळ लागला. लागू दे.

एक काम कर. बाबांकडून सगळ्या खुणा काढून घे आणि मला लिहून पाठव. माझ्यासाठी म्हणून सांगू नकोस, नाहीतर गप्प बसतील.

राघू


११ एप्रिल

राघूला ताईचा आशीर्वाद.

मी सरळ तुझं नाव सांगितलं. मला नाही जमत ती लपवाछपवी. आणि बाबा गप्प नाही बसले रे! चहा झाल्यावर सुरू झाले ते दिवे लागेपर्यंत. मला समोर बसवून माझीच बोटं धरून दाखवत होते. ‘असं नाही, अंगठा आत.’ मला म्हणाले, ‘कारखान्यात आली असतीस तर पहिल्याच दिवशी घरी पाठवलं असतं.’ इतके खुललेले मी त्यांना आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

सगळ्या खुणा वेगळ्या कागदांवर लिहिल्यात, भावोजींनी चित्रं काढलीत. चित्रातल्या हाताला सहा बोटं दिसली तर दुर्लक्ष कर. एक गोष्टही सांगितली त्यांनी. तू जन्मलास त्या दिवशी निरोप खात्याच्या दारात आला. बाबांनी माग चालू ठेवूनच पलीकडच्याला खूण केली, दोन हातांचा पाळणा करून. त्यानं पुढच्याला, पुढच्यानं त्याच्या पुढच्याला. बातमी खात्याच्या टोकाला जाऊन वळून परत आली, आणि शेवटच्या माणसानं बाबांनाच सांगितलं, ‘कुणाला तरी मुलगा झालाय बघ.’ सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. हे त्यांना विचारून लिहीत नाहीये.

राघू, एक विचारू? थोडं बोलणं ठेवलंस तर बिघडतं का? सगळंच नको, पण मधे मधे? तू बोलतं लिहितोस तेच चांगलं लिहितोस. आणि गोष्ट पक्की करायच्या आधी एकदा इकडे येऊन जा. मी नेहमीसारखं म्हणत नाहीये, खरंच ये.

ताई


३० सप्टेंबर

प्रिय ताई,

झाला! सिनेमा झाला!

इतके महिने पत्र नाही म्हणून तू तोंड फुगवून बसली असशील, पण मी जिवंत होतो एवढंच. जुनी मागांची शेड भाड्यानं घेतली, गंजलेले माग साफ करून चालू केले. हिरोला तुझे कागद दिले. पठ्ठ्या आरशासमोर खुणा करत बसायचा. एकदा जेवताना वाढप्याकडे ओठाला बोट लावून पाणी मागितलं आणि त्या बिचाऱ्यानं मुकादम आला समजून भांडं खाली टाकलं. आता सगळ्या युनिटला खुणा येतात. तुझी पाळण्याची गोष्ट जशीच्या तशी घेतलीय.

तू ‘बोलणं ठेव’ म्हणालीस तेव्हा, खोटं कशाला बोलू, जरा रागच आला. म्हटलं, निर्माते म्हणतात ते ठीक आहे, पण ताईनंही? मग कळलं, मी आपटेन या काळजीनं म्हणत असशील. आपटलो तर आपटलो. अख्ख्या सिनेमात एक शब्द नाही.

आणि आता मुख्य बातमी. पहिला खेळ आपल्या गावात! निर्मात्यांच्या मागे लागून मंजूर करून घेतलं. नोव्हेंबरच्या नऊ तारखेला, आपल्या नेहमीच्या थिएटरात. बाबांना मधली खुर्ची, पडदा नीट दिसेल अशी. दोन्ही बाजूंना तू आणि मी. एवढ्यासाठी तर सगळा खटाटोप केला. त्यांना आत्तापासून सांगून ठेव.

राघू


८ ऑक्टोबर

राघू,

हे पत्र लिहायला बसते आणि उठते, बसते आणि उठते. आता लिहूनच टाकते.

बाबांचे कान ठणठणीत आहेत. मी स्वयंपाकघरात पुटपुटले तरी त्यांना खोलीत ऐकू येतं. गेली आहे ती नजर. काचबिंदू. कळेपर्यंत उशीर झाला होता. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही. आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. तू बक्षीस घेऊन आलास तेव्हाही दिसत नव्हतं. तू काहीतरी पुढे धरलंयस हे त्यांना कळलंच नाही रे. तुझं ते पत्र वाचून मी न्हाणीघरात जाऊन रडले.

त्यांनी मला शपथ घातली होती. अख्खं घर त्यांना पाठ आहे, तू येऊन एक दिवस राहणार, तेवढं निभावून नेतात. मी म्हटलं, त्याला सांगायला काय हरकत आहे? तर म्हणाले, ‘कळलं तर तो काम टाकून इथे येऊन बसेल. आणि ‘बाबा, माझा सिनेमा पाहिलात का?’ हे विचारायचंच बंद करेल.’ 

आणि टीव्ही मोठ्यानं का, माहीत आहे? तुझे जुने सिनेमे लागतात तेव्हा लावतात. दिसत नाही म्हणून एकही शब्द सुटू नये असं त्यांना वाटतं. टीव्हीवरच्या जाहिरातीत ऐकलेलं ते कोर्टातलं वाक्य दाढी करताना म्हणतात. तू बडबड लिहिलीस तेव्हा त्यांना दिसत होतं, आणि आता त्यांना तुझी बडबड हवी आहे तर तू मुका सिनेमा केलास. एप्रिलमध्ये लिहीन म्हटलं होतं. पण खुणा दाखवताना ते इतके आनंदात होते की माझा हातच चालला नाही. वाटलं, तू येशील, स्वतःच बघशील. तू आला नाहीस.

मला काय बोलायचं ते बोल. ऐकून घेईन.

ताई


१४ ऑक्टोबर

ताई,

बोलायला तोंड आहे कुठे मला?

तू फेब्रुवारीत लिहिलं होतंस, ‘पत्र वाचून दाखवलं.’ बहिऱ्या माणसाला कुणी पत्र वाचून दाखवतं का? दुसऱ्यांच्या गोष्टींतल्या चुका शोधायला लोक मला बोलावतात, आणि आपल्या घरातली एवढी गोष्ट मला वाचता आली नाही. यायचं सोडून मी सहा-सात महिने त्या माणसासाठी चित्रं काढत बसलो.

तुझ्यावर रागावलो होतो, एक दिवस. मग राग उतरला. इतके दिवस तू एकटी हे पोटात ठेवून होतीस, आणि मी तुला फोटो पाठवत होतो.

गावातला खेळ रद्द करायला सांगतोय. लोकांनी बघायचं आणि बाबांनी माझ्याच सिनेमात अंधारात बसायचं, हे मला बघवणार नाही. त्यांना काही सांगू नकोस. खेळ पुढे गेला म्हण.

राघू


२० ऑक्टोबर

राघू,

यापुढे मी कुणाचं काही लपवणार नाही. बाबांना तुझं पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. शपथ मोडली म्हणून रागावतील वाटलं होतं. माझ्या हातातून पत्र घेऊन त्याची नीट घडी घातली. मग म्हणाले, ‘खेळ रद्द केला तर याद राख म्हणावं. मी येणार. माझा शर्ट इस्त्रीला दे.’

मी म्हटलं, बाबा, त्यात बोलणंच नाही. तर म्हणाले, ‘ते त्याचं तो बघेल. लेखक कोण आहे?’

तेव्हा मुकाट्यानं ये. तुला गोष्ट ऐकवता येते ना? ऐकव मग.

ताई


२६ नोव्हेंबर

राघू,

लिहिते आहे ताई, बोलतोय मी. तिला बजावलंय, पदरचं काही घालायचं नाही. (घालणार नाही. ताई.)

खेळाच्या दिवशी तुझ्याशी बोलणं झालं नाही. दारातच फोटोवाले आले, ओळखीचे आले, मग तुझी गाडी आली. गाडीत बसताना तू विचारलंस, ‘आवडला का?’ मी म्हटलं, ‘नीट जा.’ तुझा चेहरा एवढासा झाला असं ताई म्हणते. मला चेहरा दिसत नाही, आणि असलं काही चारचौघांत बोलायची मला सवय नाही. म्हणून हे पत्र.

आधी तुझी चूक सांगतो. सुरू होताच तू माझ्या कानात लागलास. हा दारातून आला, त्याच्या चेहऱ्यावर असं आणि त्याच्या मनात तसं. मी तुला ‘गप्प बस’ म्हटलं ते जरा जोरात गेलं, मागचे हसले. रागावलो नव्हतो रे. पडद्यावर माग सुरू झाले होते. तो आवाज तुम्ही अगदी खरा आणलाय. कारखाना बंद झाल्यापासून मी तो ऐकला नव्हता. त्या आवाजात माणूस तोंडानं बोलत नाही, म्हणून मी तुझे हात ओढून घेतले. तुला आधी कळेना काय करायचं ते. मग तू पडद्यावरची एकेक खूण माझ्या हातांखाली करायला लागलास.

पहिल्यांदा काही लागेना. तू मनगट फार हलवतोस. खुणेतसुद्धा बडबड. मग हळूहळू लागायला लागलं. धागा तुटला. मुकादम आला. पाळणा आला तेव्हा मला समोर सगळं खातं दिसलं, ओळीनं उभी असलेली माणसं दिसली, नावांनिशी. ते तुला कसं कळलं? मी तर कधी सांगितलं नव्हतं. (मी सांगितलं, बाबा. ताई.) बरं केलंस.

तुझ्या पहिल्या सिनेमाला मी मध्यंतरात उठलो होतो. बसायला हवं होतं. आता टीव्हीवर तो पूर्ण ऐकलाय. चांगला आहे. शेवट तर फारच चांगला आहे. ते बक्षीस पुढच्या खेपेला घेऊन ये, हातात दे माझ्या.

आणखी एक. सिनेमा संपला. टाळ्या झाल्या, खुर्च्या वाजल्या, लोक उठून जायला लागले. तू माझ्या हातात कारखाना सुटल्याची खूण केलीस, ‘पाळी संपली, चला.’ मी बसून राहिलो. तुला वाटलं मला कळलं नाही. तू परत केलीस, सावकाश, लहान मुलाला शिकवतात तशी.

मला पहिल्याच खेपेला कळली होती. पण मी उठलो असतो तर तू हात सोडले असतेस.

बाबा